पाऊस थांबून चार दिवस झाले, तरी ट्रॅक मऊच: शर्यतींच्या तोंडावर काय तपासायचं, काय टाळायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुंबईत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. रायडिंग क्लबचे मुकादम, ट्रेनरकडची माणसं, जिमखान्याचं मैदान सांभाळणारे माळी, सगळे तेच सांगतात. पाऊस जाऊन चार दिवस झाले, वरून गवत वाळलंय, पण घोडा जरा वेगात काढला की टाप आत जाते आणि मागे हाताएवढं ढेकूळ उडतं. वळणावर तर घोडा पाय टाकायलाच बिचकतो. शर्यती पंधरा दिवसांवर आल्यात, आता काय करायचं?

मी मैदानांच्या माती-गवताचं काम करतो. फोनवर तुकड्यातुकड्याने जे सांगतो ते इथे सलग लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पावसाने ट्रॅक ओला होतो. तो बिघडतो ओल असताना आपण त्याच्यावर केलेल्या कामाने. ओला ट्रॅक सुकतो. ओला असताना दाबलेला ट्रॅक सुकूनही बरा होत नाही, आणि पुढचा पाऊस आला की आधीपेक्षा जास्त पाणी धरून बसतो. म्हणूनच ही तक्रार दरवर्षी परत येते.

मुंबईतच हे इतकं का जाणवतं

महालक्ष्मीचा रेसकोर्स १८८३ चा. जागा मुळातली सखल. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून वरळीकडून आत शिरणारा समुद्र अडवला गेला आणि बांधामागे जी दलदल उरली, तीच पुढे भरून वापरात आली. अशा जमिनीत खालचं पाणी फार खोल नसतं. त्यात साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पर्जन्यवाहिन्यांना पाणी समुद्रात सोडता येत नाही, सगळी भिस्त हाजी अली आणि लव्हग्रोव्हच्या पंपांवर. वरळी, परळ, दादर पट्ट्यातली बरीच मैदानं याच जातीची. तिथलं पाणी जमिनीच्या उतारावर जितकं अवलंबून, तितकंच भरतीच्या वेळापत्रकावरही.

दुसरं कारण वेळेचं. पावसाळ्यात शर्यती पुण्याला होतात, मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मुंबईत दोन हजारांच्या वर आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हवामान खात्याच्या तक्त्यात मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. कागदावर सीझनच्या आधी महिनाभर मोकळा दिसतो. प्रत्यक्षात परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडाट करत येतो, तासाभरात झोडपून जातो आणि दोन दिवसांनी पुन्हा येतो. डिसेंबरही हमखास कोरडा धरू नका. २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ओखी चक्रीवादळामुळे मुंबईत पाऊस झाला आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली. आणि १ हजार व २ हजार गिनीज या मोठ्या शर्यती साधारण डिसेंबरमध्येच असतात.

थोडा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. समजा पट्टा २४०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे, म्हणजे ४८,००० चौरस मीटर. एका संध्याकाळी २५ मिलिमीटर पडला तर त्या पट्ट्यावर १२ लाख लिटर पाणी आलं. दहा हजार लिटरचे १२० टँकर. ऑक्टोबरच्या कडक उन्हातही जमीन आणि गवत मिळून दिवसाला साधारण चार-पाच मिलिमीटरच पाणी हवेत जातं. म्हणजे नुसत्या उन्हाच्या भरवशावर राहिलात तर पाच-सहा दिवस हवेत, आणि तेवढ्यात पुढची सर येते. पाणी खाली आणि बाजूला गेलंच पाहिजे, त्याला दुसरा उपाय नाही.

आधी फावडं, मग उपाय

सगळ्यात जास्त पैसा चुकीच्या निदानावर वाया जातो. कोणी रेती टाकतं, कोणी चर खणतं, कोणी नवं गवत लावतं. पाणी कुठून येतंय आणि कुठे अडतंय हे कोणी पाहिलेलंच नसतं.

फावड्याने साधारण ३० सेंटीमीटर खोल चौकोनी तुकडा अलगद काढा. तो मोडू नका, आडवा ठेवा आणि बाजूने नीट बघा. मुळं कुठपर्यंत गेलीत? निरोगी हरळीची मुळं सहज १५ सेंटीमीटर आणि त्याखाली जातात. ती पाच-सात सेंटीमीटरवर एका रेषेत थांबून आडवी पसरली असतील तर तिथे दाबलेला थर आहे. वरची माती चिकट, खालची जवळजवळ कोरडी असेल तर पाणी वरच अडकलंय, खाली जातच नाही. तुकड्यात काळसर-निळा पट्टा दिसला आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर तिथे बरेच आठवडे हवाच पोचलेली नाही. असा पट्टा उन्हाने बरा होत नाही, तो फोडावा लागतो.

आता खड्डा तसाच सोडून तासाभराने या. पाऊस नसतानाही त्यात खालून पाणी चढलं असेल तर दुखणं वरच्या मातीचं नाही, भूजलाचं आहे. भरतीच्या आणि ओहोटीच्या वेळी अशी दोनदा पाहणी करा. पातळी भरतीबरोबर हलत असेल तर वर कितीही भोकं पाडून फरक पडणार नाही. पाणी बाहेर काढणारी वाहिनी कुठे उघडते, तिथे झडप आहे का, ती चालते का, हे बघायला लागेल. अशा ठिकाणी पाणी खारंही असू शकतं. मातीच्या प्रयोगशाळेत क्षारांची तपासणी स्वस्तात होते, ती करून घ्या. खारेपणा जास्त असेल तर हरळी आधीच दमलेली असते आणि पावसाचा दोष नसताना पट्टे उघडे पडतात.

तिसरी शक्यता लोक विसरतात, ती म्हणजे बाहेरून वाहत येणारं पाणी. स्टँडच्या फरशीवरून, रस्त्याच्या कडेने, पार्किंगच्या उतारावरून. हे कोरड्या दिवशी दिसत नाही. पाऊस चालू असताना छत्री घेऊन जा, पाणी जिथून आत शिरतं आणि जिथे साचतं तिथे बांबूच्या काठ्या रोवा. पाऊस थांबल्यावर तासाने जिथे अजून पाणी आहे तिथे दुसऱ्या रंगाची चिंधी बांधा. एका पावसात जेवढं कळतं तेवढं महिनाभराच्या बैठकांत कळत नाही. अनेकदा उपाय अगदी साधा निघतो. गाळाने बुजलेली जाळी, नाहीतर ट्रॅकच्या कडेला वर्षानुवर्षं साचून बांधासारखा झालेला गवताचा वरंबा. तो तासला की पाणी आपोआप बाहेर जातं.

वाफसा आला का?

शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पाऊस पडल्यावर तो लगेच औत घालत नाही, वाफसा येईपर्यंत थांबतो. मैदानावर मात्र आपण घाई करतो, कारण तारीख छापून झालेली असते.

तपासणी हाताची आहे. पाच-सात सेंटीमीटर खालची चिमूटभर माती घ्या, तळहातावर वळून तिची पेन्सिलीच्या जाडीची वळी करा. वळी न तुटता लांब होत गेली आणि बोटाला चिकटली तर त्या जमिनीवर चाक, रोलर, घोडा काहीही जाता कामा नये. वळी होता होता भेगाळून तुटायला लागली की काम सुरू करता येतं. मुठीत दाबून केलेला गोळा बोटाने टिचकी मारताच फुटला तर उत्तम. ही तपासणी एकाच जागी करू नका. स्टँडच्या सावलीत, झाडाखाली, वळणाच्या आतल्या बाजूला आणि सरळ पट्ट्यावर वेगवेगळी उत्तरं येतील. सगळ्यात ओली जागा तयार झाल्याशिवाय ट्रॅक तयार नाही.

यावरून एका मुकादमांशी झालेलं बोलणं सांगतो.

"मामा, रोलर आज बंद ठेवा."

"पण साहेब, वरून तर सगळं वाळलंय. धूळ उडतीय."

"वरून वाळलंय. फावडं आणा जरा."

वरचे दोन सेंटीमीटर भुरभुरीत, त्याखाली खिडकीच्या काचेला लावायच्या लांबीसारखी चिकट माती. मामा बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे हे झाकण हाय नुसतं." अगदी बरोबर. वर कोरडं आणि आत ओलं हीच सगळ्यात फसवी अवस्था आहे. डोळ्याला ट्रॅक तयार दिसतो, पायाने चालून बघितलं तरी माणसाच्या वजनाला तो टिकतो. पण शर्यतीचा घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा. भरधाव पळताना एका पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. म्हणजे टनाहून जास्त, एका टापेवर. झाकण तिथे फुटतं आणि पाय अचानक खोल जातो. सगळीकडे सारखा मऊ ट्रॅक घोड्याला दमवतो, पण घोडा त्याच्याशी जुळवून घेतो. दहा पावलं घट्ट आणि अकरावं खोल असलं की टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) जातात, सांधे मुरगळतात, जॉकी पडतो. माझी सगळी धडपड ट्रॅक कडक करण्यासाठी नाही, सारखा करण्यासाठी असते.

पहिले ४८ तास: हात आवरा

पाऊस थांबल्यावर पहिले दोन दिवस हेच बहुतेक ट्रॅकचं वर्षभराचं भवितव्य ठरवतात, आणि या दोन दिवसांतच वरून दबाव येतो. काहीतरी होताना दिसायला हवं असतं. त्यामुळे रोलर निघतो.

मातीच्या कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी खाली जातं, बारीक पोकळ्यांत ते अडकून राहतं. ओल्या चिकणमातीवर रोलर फिरवला की कण एकमेकांवरून सरकून घट्ट बसतात, आधी मोठ्या पोकळ्या मिटतात, बारीक तशाच राहतात. वरून गुळगुळीत, देखणा पट्टा तयार होतो. फोटो छान येतो. आणि त्याच्या सात-आठ सेंटीमीटर खाली पाण्यासाठी दार बंद झालेलं असतं. ट्रॅक्टरचं टायर, भरलेली ट्रॉली, मोठं गवतकापणी यंत्र हेच करतात, फक्त पट्ट्यापट्ट्यांत.

तेव्हा या दोन दिवसांत करायचं ते एवढंच: साचलेलं पाणी हाताने, रबरी पट्टीच्या वायपरने बाहेर लोटा, वाहिन्यांची तोंडं मोकळी करा, क्रिकेटच्या मैदानावर पाणी शोषून घेणारं सुपर सॉपर असतं ते मिळत असेल तर वळणावरच्या डबक्यांपुरतं वापरा. त्याने वरचं पाणी निघतं, मातीतली ओल नाही, हे लक्षात असू द्या. सकाळी फिरायला येणाऱ्यांनाही विनंती करा. रेसकोर्सवर चालणं ही अनेकांची वर्षांची सवय आहे आणि ती टिकावी असं मलाही मनापासून वाटतं. पण पावसानंतर दोन दिवस गवताच्या पट्ट्यावरून न चालता कडेने चाललात तर तुमचा त्यात मोठा हातभार आहे. रोजची एकच पायवाट ओल्यात तुडवली की तिथे गवत सगळ्यात आधी जातं.

घोड्यांचं सकाळचं काम या काळात रेतीच्या ट्रॅकवरच ठेवा. ट्रेनरना ते आवडत नाही, मला माहीत आहे, कारण गवतावरचा एक सराव त्यांना हवाच असतो. त्यांना तारीख न सांगता मातीची वळी दाखवा. हातात घेतलेली माती बघून वाद घालणारा ट्रेनर मी पाहिलेला नाही.

गवत कापायची घाई नको. साधारण दहा सेंटीमीटर उंचीची हरळी टापेला गादी देते आणि सावलीने माती भेगाळू देत नाही. पावसाच्या महिन्यात ती बेसुमार वाढते, तेव्हा एकदम खाली कापण्याचा मोह होतो. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, नाहीतर मुळं थांबतात.

मोजल्याशिवाय बोलू नका

स्वतःच्या मैदानावर पर्जन्यमापक ठेवा. तो शंभर-दोनशे रुपयांचा प्लास्टिकचा असला तरी चालेल, पण रोज सकाळी ठरल्या वेळी वाचा आणि वहीत लिहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला शंभरही नव्हता. एकाच शहरात इतका फरक पडतो. दुसऱ्याच्या आकड्यावर आपल्या ट्रॅकचे निर्णय घेता येत नाहीत.

पेनेट्रोमीटर रेसिंगमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एक किलोचं वजन एक मीटर उंचीवरून तीनदा एका बारीक दांड्यावर पाडायचं आणि दांडा किती सेंटीमीटर आत गेला ते वाचायचं. आकडा जितका मोठा तितका ट्रॅक मऊ. आपल्याकडे बहुतेक वेळा एकच आकडा सांगितला जातो, आणि तिथेच गफलत होते. समजा आठ ठिकाणी मोजलं, सात ठिकाणी अडीचच्या आसपास आणि एका वळणावर साडेचार. सरासरी पावणेतीन येते. कागदावर ट्रॅक चांगला. पण त्या वळणावर प्रत्येक घोड्याला साडेचारमधूनच जायचं आहे. म्हणून सरासरी सांगाच, पण ठिकाणानुसार आकडेही फलकावर लावा.

दुसरी मर्यादा अशी की पेनेट्रोमीटर टाप किती आत जाईल हे सांगतो, तिथे पकड मिळेल का ते सांगत नाही. ब्रिटनमध्ये वापरतात ती गोइंगस्टिक दोन्ही मोजते: आत घुसायला किती जोर लागतो आणि घुसल्यावर कलती ओढायला किती. ते उपकरण नसेल तर टाच रोवून पूर्ण वजन टाका आणि जागेवर वळा. गवत मुळांसकट सरकलं तर आकडा काहीही असो, तिथे पकड नाही.

पाणी किती वेगाने जिरतं हे बघायला दोन्ही बाजूंनी कापलेला तेलाचा डबा पुरतो. पाच-सहा सेंटीमीटर जमिनीत ठोका, आधी एकदा पाणी घालून जिरू द्या, मग अडीच सेंटीमीटर पाणी भरून घड्याळ लावा. माझा ठोकताळा असा: वीस मिनिटांच्या आत जिरलं तर ठीक. तासाभरानंतरही पाणी उभं असेल तर वरचा थर मिटलाय, रेती-गवताचा विचार नंतर, आधी तो उघडा.

उघडायचा कसा, आणि रेतीचं काय

वाफसा आल्यावर खोल टोकांच्या यंत्राने भोकं पाडा. नुसते खिळे टोचण्यापेक्षा मातीचा गाभा काढून बाहेर टाकणारी पोकळ टोकं चांगली, कारण खिळा ओल्या चिकणमातीत भोकाच्या कडा उलट दाबतो. दरवेळी त्याच खोलीवर काम केलं तर त्या खोलीवर नवा दाबलेला थर होतो, म्हणून खोली बदलत राहा.

आता रेती. इथे मी जरा कडक बोलतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच उपायाने झालेलं पाहिलंय. चिखल दिसला की दोन ट्रक रेती ओतायची, पसरायची, वर रोलर. थोड्या दिवसांनी तिथे रेतीचा थर आणि खाली चिकणमातीचा थर असे दोन थर होतात. पाणी रेतीतून झटकन उतरतं आणि थरांच्या सांध्यावर तुंबतं. वरून कोरडं, आत डबकं. चिकणमातीत थोडीशी रेती मिसळूनही निचरा होत नाही, ती विटेसारखी घट्ट बसते. रेती द्यायचीच तर पोकळ टोकांनी काढलेल्या भोकांत, धुतलेली, मध्यम दाण्याची, आणि वर तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त थर नको. हे दोन-तीन वर्षं चिकाटीने करायचं काम आहे, शर्यतीच्या आदल्या आठवड्याचं नाही. खडी फोडून बनवलेली क्रश सँड घेताना तिच्यातली भुकटी बघा. मुठीत घेऊन पाण्यात खळबळा, पाणी गढूळ राहिलं तर ती भुकटी तुमची भोकं बुजवणार. समुद्राची रेती तर आणूच नका.

गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या गोळ्यांमुळे वरचा थर चिकट होतो, हे खरं. तरी त्यांच्यावर औषध मारू नका. ती फुकटात निचरा करून देतात.

ताजी जमीन राखून ठेवा

इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमचा शर्यतींचा उत्सव मार्चमध्ये चार दिवस चालतो आणि तिथला मार्च ओला असतो. पहिले दोन दिवस ते जुन्या कोर्सवर पळवतात, पुढचे दोन नव्या कोर्सवर, त्यामुळे निम्म्या उत्सवाला न तुडवलेली जमीन मिळते. तिथल्याच ॲस्कटच्या रेसकोर्सवर ऑक्टोबर २०१९ मध्ये चॅम्पियन्स डे या मोठ्या शर्यतींच्या दिवसाआधी पाऊस इतका झाला की गोल कोर्सच्या शर्यती आतल्या, अडथळ्यांच्या शर्यतींसाठी असलेल्या पट्ट्यावर घेतल्या. निर्णय आधीच घेतला आणि जाहीर केला, म्हणून शर्यती झाल्या.

आपल्याकडे इतके कोर्स नाहीत, पण फॉल्स रेल आहे, म्हणजे आतल्या कुंपणापासून बाहेर सरकवून लावायचा तात्पुरता कठडा. फॉल्स रेल लावून आतले पाच-सहा मीटर झाकले की तिथली जमीन विश्रांती घेते. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, २४०० मीटरची. तिच्यासाठी आतला पट्टा राखायचा असेल तर डिसेंबरपासूनच हिशेब मांडायला हवा. रेल बाहेर सरकवली की अंतर वाढतं हे विसरू नका. पूर्ण फेरीला, रेल जितके मीटर सरकवली त्याच्या सव्वासहा पटीच्या किंचित वर. सहा मीटर सरकवली तर सुमारे ३८ मीटर. सुरुवातीचं गेट त्याप्रमाणे हलवलं नाही तर वेळांची तुलना निरर्थक होते आणि लोक ट्रॅक हळू झाला म्हणून पावसाला दोष देतात.

हा हिशेब यापुढे आणखी काटेकोर लागणार. २०२४ मध्ये रेसकोर्सच्या जागेपैकी १२० एकर मुंबई सेंट्रल पार्कसाठी आणि ९१ एकर रेसिंगसाठी असं ठरलं. उद्यान हवंच, मुंबईला मोकळा श्वास किती दुर्मीळ झालाय ते आपण जाणतो. पण शेजारी जमिनीवर किंवा जमिनीखाली जे काही बांधलं जाईल त्याने पाण्याची वाट बदलते. निचऱ्याचा आराखडा दोन्ही बाजूंनी मिळून आखावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.

महिना बघून उपाय

ऑक्टोबरात पडलेले खड्डे डिसेंबरपर्यंत भरून येतात, कारण हरळीला ऊब हवी आणि तेव्हा ती मिळते. जानेवारीत मुंबईच्या रात्री थंडावतात, हरळी मंदावते. त्या महिन्यात ओल्यात केलेली एक चूक डर्बीपर्यंत तशीच दिसेल. म्हणून डिसेंबर-जानेवारीत अवकाळी पाऊस झाला तर मी ऑक्टोबरपेक्षा दुप्पट सावध राहतो आणि गवतावरचा सराव सरळ बंद करायला सांगतो. वाहिन्या, जाळ्या, उतार यांची कामं एप्रिल-मेमध्ये, सीझन संपल्याबरोबर. जूनमध्ये चर खणायला घेतलेला ट्रॅक चार महिने चिखलात उघडा पडतो.

आदल्या संध्याकाळी सर आली तर

इथे लोक उलटं समजतात. २५ मिलिमीटर पडला की घाबरतात, पाच मिलिमीटर पडला की सुटकेचा श्वास सोडतात. कडक, सुकलेल्या ट्रॅकवर पाच मिलिमीटर पडतो तेव्हा वरचा सेंटीमीटरभर भाग निसरडा होतो आणि खाली दगड. टाप रुतत नाही, घसरते, विशेषतः वळणावर. मोठ्या पावसाने ट्रॅक जड होतो, वेळा वाढतात, पण निचरा ठीक असेल तर तो सगळीकडे एकसारखा मऊ असतो. माझ्या मते पहिली अवस्था जास्त धोक्याची आहे.

अशा वेळी पहाटे ट्रॅक चालून बघा, प्रत्येक दोनशे मीटरवर टाच फिरवा, पेनेट्रोमीटर लावा. पहिल्या शर्यतीच्या बऱ्याच आधी एखादा शांत, अनुभवी घोडा वळणावरून मध्यम वेगात काढा आणि वर बसलेल्याला विचारा. जॉकींचं म्हणणं पहिल्या शर्यतीनंतर पुन्हा ऐका, कारण आकड्यांपेक्षा त्यांच्या मांड्यांना जास्त कळतं. वळण धरत नसेल तर रेल सरकवा, तेवढ्याने भागत नसेल तर स्टुअर्ड्सना, म्हणजे शर्यतीच्या पंचांना, शर्यत थांबवायला सांगायची लाज बाळगू नका. गोइंग, म्हणजे ट्रॅक किती मऊ-कडक आहे ते, जसं आहे तसं जाहीर करा. आदल्या दिवशीचं ‘चांगलं’ सकाळीही फलकावर तसंच ठेवणं म्हणजे ज्यांचा घोडा ओल्यावर पळत नाही त्यांचा माघार घेण्याचा हक्क काढून घेणं.

आणि फवाऱ्यांबद्दल एक. पाणी वेळापत्रकाने देऊ नका. अंदाजात पाऊस असताना ‘आज मंगळवार’ म्हणून ट्रॅक भिजवायचा आणि रात्री सर यायची, हे फार ठिकाणी घडतं. तुकडा काढा, खाली ओल असेल तर झडप बंद ठेवा.

शेवटची शर्यत संपली की त्याच संध्याकाळी माणसं लावून टापांचे खड्डे भरून घ्या. उडालेलं ढेकूळ सापडलं तर तेच परत बसवा, मुळं जिवंत असतात. नाही सापडलं तर त्याच ट्रॅकची चाळलेली माती, थोडी रेती आणि हरळीचे तुकडे मिसळून भरा. निव्वळ रेती भरलेला खड्डा पुढच्या पावसात मऊ ठिगळ होतो. पायाने दाबा, रोलरने नको. वहीत लिहा कुठल्या वळणावर किती खड्डे भरले. ती पानं एप्रिलमध्ये चर कुठे काढायचे ते सांगतील.